दावणीची गाय आणि दिवाळीचं माहेर

पत्र

तीन वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडचा फ्लॅट भाड्यानं देऊन सासवडजवळ राहायला आलो. सासऱ्यांच्या वाटणीत आलेले तीस गुंठे आहेत. घरात मी, नवरा, सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. एक गीर गाय, तिची वर्षाची कालवड, चार शेळ्या, त्यांची करडं, पंधरा कोंबड्या, एक कुत्रा, आणि घरापुढे भाजीचे वाफे. नवरा आठवड्यातले चार दिवस दिवेघाट उतरून हडपसरला नोकरीवर जातो, मी घरून अकाउंट्सची कामं करते. सकाळची धार माझी, संध्याकाळचीही बहुतेक माझीच. सासूबाईंचे गुडघे गेलेत, पण त्यांचा सगळा जीव गायीत. ‘लक्ष्मी आहे, तिला काढायची भाषा नको’ म्हणतात. मुलांना रोज धारोष्ण दूध द्यायचा त्यांचा आग्रह असतो. गाय फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरवली, आता सहा महिन्यांची गाभण आहे. दोन वर्षांत आम्ही पाचजण मिळून एक दिवस कुठे गेलेलो नाही. आणि आता नवऱ्यानं दुसरी गाय घ्यायचं काढलंय. एकीला जेवढं करायचं तेवढ्यातच दोघींचं होतं, असं त्याचं म्हणणं.

त्यात मुलीचं. शेळीला तीन करडं झाली, एकाला दूध पुरेना, त्याला मुलीनं बाटलीनं पाजून वाढवलं. तो बोकड आता सात महिन्यांचा झालाय, तिच्या मागे मागे फिरतो. नवऱ्यानं तो विकायचं ठरवलं, गिऱ्हाईकही बघून गेलं. तेव्हापासून मुलगी बापाशी बोलत नाही. परवा जेवताना म्हणाली, ‘रविवारी आपण खातो तोही कुणाचा तरी असेल ना?’ मला उत्तर सुचलं नाही.

उन्हाळ्यात भाजी करपली, आता पावसात वाफे तणात गेलेत. मला हे घर आवडतं, पुण्याला परत जायचं नाही. पण गाय नको वाटते आणि तसं म्हणायची लाज वाटते. दिवाळीत चार दिवस साताऱ्याला माहेरी जायचंय, पाचहीजणांनी. कसं जमवू? आणि मुलांचं आम्ही नुकसान तर करत नाही ना?

— एक वाचक, ता. पुरंदर

उत्तर

ताई,

आधी कॅलेंडर काढा. गाय फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरवलीत. गायीचे दिवस २८० च्या आसपास, गीरला चार-सहा दिवस जास्तही लागतात. म्हणजे ती विणार नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि यंदाची दिवाळीही तेव्हाच आहे. दुसरी गाय येवो न येवो, आहे ती गाय दावणीला राहिली तर तुमचं साताऱ्याला जाणं आत्ताच रद्द झालं म्हणून समजा. विणाऱ्या गायीला टाकून कुणी जात नाही, जाऊही नये. वार, म्हणजे गर्भाचं वेष्टन, पडली का बघावं लागतं, वासराला पहिल्या दोन तासांत चीक पाजावा लागतो, कास दगडासारखी घट्ट लागली तर डॉक्टरांना बोलवावं लागतं. हे सगळं करणारं माणूस तुमच्या घरात एकच आहे आणि ते तुम्ही आहात.

गाय नको वाटते म्हणायची लाज वाटते, असं लिहिलंत. तीन वर्षं रोज दोन वेळा कासेखाली बसलेल्या बाईला गायीविषयी बोलायचा घरात सगळ्यांत मोठा अधिकार आहे. माझं मत सरळ सांगते. गाय आणि कालवड दोघींना चांगल्या घरी द्या, शेळ्या दोनच ठेवा, कोंबड्या आणि बाग राहू द्या, आणि तुम्ही तिथंच राहा.

जित्राबं किती ठेवायची हे लोक जमिनीवरून ठरवतात. तीस गुंठे आहेत ना, मग एक गाय सहज बसेल, असा हिशेब होतो. तो हिशेब घरातल्या वाईटात वाईट दिवसावरून करायला हवा. नवरा हडपसरला गेलाय, पाऊस कोसळतोय, धाकट्याला ताप आहे, तुमचं महिनाअखेरचं काम अडलंय, सासूबाईंना पाय टेकवत नाही. अशा दिवशी जेवढ्या जनावरांचं चारापाणी, शेणघाण, धार कुणावर न खेकसता उरकेल, तेवढीच जनावरं त्या घराला झेपतात. रविवारी सगळे घरी असताना दहा जनावरंही थोडीच वाटतात, आणि आपण ती रविवारीच विकत आणतो.

गीर गायीला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण लागते, पाच-सहा किलो कडबा, वर पेंड-भुसा. पाणी पन्नास-साठ लिटर, चैत्र-वैशाखात त्याहून जास्त. शेण पडतं दहा-पंधरा किलो. वैरण कापा, कुट्टी करा, गव्हाण भरा, गोठा झाडा, कास धुवा, ती पान्हा सोडेपर्यंत थांबा, धार काढा, भांडी घासा. हे दिवसातून दोनदा, आणि दोन धारांमध्ये बारा-बारा तासांचं अंतर ठेवून. अडीच-तीन तास यात सहज जातात. तासांपेक्षाही जाच होतो तो वेळेचा, कारण त्या वेळा पुढेमागे सरकत नाहीत. मेथी दोन दिवस उशिरा काढली तर थोडी जून होईल, बिघडत काही नाही. भरलेली कास मात्र थांबत नाही. दूध तुंबलं की कासदाह होतो आणि कासेचा एखादा सड कायमचा निकामी होतो. तुमच्या पत्रातला थकवा मला इथला वाटतो, शेतावर राहण्याचा नाही.

दुसऱ्या गायीचा हिशेब तुमच्या नवऱ्यानं अर्धाच केलाय. गोठा झाडायला थोडाच वेळ जास्त लागेल, इतपत त्यांचं बरोबर आहे. वैरण, पाणी, पेंड, धार हे सगळं दुप्पट होणार. एका गायीच्या हिरव्या चाऱ्याला साधारण दहा गुंठे हत्तीघास धरतात, तोही बारमाही पाणी असेल तर. घर, गोठा, रस्ता, विहीर आणि बाग वजा करून तीस गुंठ्यांत तुमच्याकडे काय उरतं? सासवडचा पट्टा पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं तुमच्या आसपासच आहेत. म्हणजे दुसरी गाय आली की वैरण विकत आणि पाणीही विकत. तिचा माज, म्हणजे ती भरवण्याजोगी झाल्याची खूण, दर २१ दिवसांनी तुम्हीच ओळखायचा, रेतनाला तुम्हीच बोलवायचं, आणि दोघींची वेतं वेगवेगळ्या महिन्यांत आली की वर्षातला एकही महिना मोकळा राहणार नाही.

आणि गोऱ्हा झाला तर? गाय घेताना याविषयी कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलते. राज्यात २०१५ पासून बैल आणि गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. ट्रॅक्टर आल्यापासून शेतात बैलाला फारसं काम उरलेलं नाही. शर्यतीसाठी लोक खिल्लार शोधतात, गीरचा गोऱ्हा सहसा कुणी नेत नाही. त्याला पंधरा-वीस वर्षं पोसायची तयारी असेल त्यानंच दावणीला गाय बांधावी. रस्त्यावर सोडून देण्याचं पाप तुमच्या घरातलं कुणी करणार नाही याची मला खात्री आहे, म्हणूनच हे आधी बोलायला हवं.

तुमच्यापासून डोंगरापलीकडे उरुळीकांचन आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये तिथं बाएफ ही संस्था सुरू केली आणि कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेलं. त्यातून कित्येक घरांत दुधाचा पैसा आला. पण गायीनं ज्या घरांना हात दिला ती घरं बघा. तिथं माणसं दिवसभर वस्तीवर असतात. एक भाऊ रानात गेला तर दुसरा गोठ्यात असतो, जाऊबाई घरी असते, आजोबा बांधावर बसलेले असतात. तुमच्याकडे दोन नोकऱ्या, दोन शाळा आणि गुडघे दुखणाऱ्या एक आजी आहेत. त्यात गायीचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

आता द्यायची कशी. बाजारात नेऊ नका. गावातल्याच एखाद्या घरी वाट्यानं सांभाळायला द्या. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गाय तुमची राहते, सांभाळ त्यांचा, दूध त्यांचं, होणाऱ्या वासरांत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. ज्यांच्या दावणीला आधीच दोन-तीन गाई आहेत असं घर बघा, आणि या पावसातच, न सांगता, त्यांच्या गोठ्यात एकदा जाऊन या. भर श्रावणात ज्याच्या गायी कोरड्यावर उभ्या आहेत तो माणूस नीट सांभाळणार.

वेळही आपसूक जुळून आलीय. विण्याआधी दोन महिने कासेला विश्रांती लागते, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला तिला आटवायचीच आहे. आटलेली गाय नव्या घरी रुळायला सोपी जाते, त्या घरालाही तिच्या सवयी समजून घ्यायला दोन महिने मिळतात. आटली की गावातल्या गावात चालवत न्या. त्याहून उशीर करू नका. शेवटच्या महिन्यात गाभण गायीला हलवणं, त्यातही टेम्पोत चढवणं, तिच्या आणि पोटातल्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणि कितीही घरोबा असला तरी बोलणं कागदावर उतरवा. दवाखान्याचा खर्च कुणी करायचा, गाय दगावली तर काय, परत हवी झाली तर किती महिने आधी सांगायचं. गोऱ्हा झाला तर त्याच्या पोसण्याचा निम्मा भार तुमचा, हे तुम्ही स्वतःहून लिहा. नुसती कालवडीत वाटेकरी आणि गोऱ्ह्याला नामानिराळी, असा वाटा न्यायाचा नाही. गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर कागदावर घाला. कालवड विकलीत तर तिच्या बिल्ल्याची नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायला विसरू नका.

सासूबाईंशी हे बोलणं तुम्ही करायचं नाही, त्यांच्या मुलानं करायचं. सुनेच्या तोंडून आलं की ते गायीविषयीचं बोलणं राहत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि गाय कुणाच्या घरी जाणार हे ठरवायचा मान सासूबाईंचा. गावातलं कोण जनावरावर काठी उगारतं आणि कोण आधी पाठीवरून हात फिरवतं, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं. गाय गावातच राहिली तर त्या संध्याकाळी रिक्षानं जाऊन तिला बघून येतील. त्यांचं मन मोडू नका. गायीची लक्ष्मी म्हणून सेवा करणं ही त्यांच्या आयुष्याची रीत आहे, आणि सेवा करायला शरीर साथ देत नाही याचं दुःख त्या कुणाजवळ बोलत नसतील.

धारोष्ण दुधाबाबत मात्र मी कुणाचंच मन राखायला सांगणार नाही. ते आजपासून बंद. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा आजार, आणि क्षय, दोन्ही कच्च्या दुधातून माणसाला होतात. गाय वरून ठणठणीत दिसत असतानाही होतात. एक उकळी फुटली की दोन्हींचे जंतू मरतात. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. पशुवैद्यक पुढच्या वेळी येतील तेव्हा त्यांच्यासमोर विषय काढा. हीच गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकणं त्यांना जड जाणार नाही. विताना वार हाताळायची वेळ ज्याच्यावर येईल त्यानं हातमोजे घालावेत, हेही तेव्हाच विचारून घ्या आणि गाय ज्या घरी जाईल त्यांनाही सांगा.

आता मुलीचा बोकड. तुमच्या पत्रातली सगळ्यांत अवघड गोष्ट मला हीच वाटली.

नवऱ्याच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी सांगते. बोकड चार-पाच महिन्यांतच वयात येऊ लागतो. सात महिन्यांचा बोकड कळपात मोकळा ठेवला तर तो आईवर आणि बहिणींवर जाणार, आणि तशी करडं अशक्त निपजतात. त्याचा वास सुटतो, तो टकरा मारायला लागतो, आठ वर्षांच्या पोराला सहज आडवा करू शकतो. तेव्हा आहे तसा तो राहू शकत नाही. पण त्याचं खच्चीकरण करता येतं. पशुवैद्यक कातडी न कापता, चिमट्यानं ते करतात. मग तो शांत होतो आणि शेळ्यांबरोबर राहतो. रोजचा तीन-चार किलो पाला आणि थोडा कडबा एवढं त्याला लागेल. विकून आले असते ते पैसे गेले असं धरायचं.

मी सांगेन, हा बोकड ठेवा. मरायला टेकलेलं करडू तुम्ही मोठ्यांनी तिच्या हातात दिलं. तिनं बाटली धरली, त्याला जगवलं, तेव्हा सात महिन्यांनी हा कापायला जाणार असं तिला कुणी सांगितलं नाही. आधी न सांगितलेला नियम आता लावला तर ती शेतीचा व्यवहार शिकणार नाही, बापाचा शब्द धरून चालायचं नाही एवढं शिकेल. आणि हे तिला तुम्ही नाही, वडिलांनी सांगायचं. तिच्याबरोबर शेळ्यांना पाला टाकताना सांगावं की मी तुला आधी सांगायला हवं होतं, हा बोकड आपल्याकडे राहील, डॉक्टर कधी येणार ते आपण दोघं मिळून ठरवू. खच्चीकरण म्हणजे काय तेही तिला समजेल अशा शब्दांत सांगावं. बारा वर्षांची आहे, गोठ्यात वाढतेय, तिच्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पुढच्या वेतापासून मात्र नियम करा, आणि करडू जन्मेल त्याच दिवशी तो दोन्ही मुलांसमोर बोला. पाट, म्हणजे मादी करडू, ठेवायची की द्यायची, बोकड साधारण कितव्या महिन्यात जाणार. शाळेत गेलेली असताना गुपचूप विकू नका. ‘मोठ्या कुरणात गेला’ ही थाप तर मारूच नका. पोरांना ती कळते, आणि मग आपण सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही त्यांचा भरवसा उरत नाही. मुलं तरीही रडतील. रडू द्यावं. ज्याला चारा घातला त्याच्यासाठी रडणं यात सुधारण्यासारखं काही नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे हो. रविवारी आपण खातो तोही कुणाचा तरी असतो, कुणीतरी त्यालाही पाला घातलेला असतो. हेच तिला सांगा. तिला यापुढे मटण नको असेल तर तिच्यासाठी पिठलं टाका, आणि त्यावरून घरातलं कुणी, आलेगेले नातेवाईकसुद्धा, तिची चेष्टा करणार नाहीत एवढं बघा. तिनं खायचं ठरवलं तरी त्यात तिचा काही गुन्हा नाही, हेही सांगा. मुलांचं नुकसान करतोय का, असं तुम्ही विचारलंत. ताटातल्या घासाविषयी बारा वर्षांची मुलगी एवढं खोल विचारते, त्या मुलीचं काही नुकसान होतंय असं मला मुळीच वाटत नाही. नुकसान झालंच तर ते सतत दमलेल्या आईमुळे होईल, आणि त्यावर उपाय आहे.

नवऱ्याविषयी थोडं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना वडिलांची जमीन पुन्हा हिरवी झालेली बघायचीय, आणि ही ओढ मला मोलाची वाटते. पण गोठ्यातलं काम त्यांना चार दिवसांतून एखाद्या संध्याकाळचं दिसतं. गाय आटेपर्यंतच्या आठवड्यांत ते जे तीन दिवस घरी असतात, त्या दिवसांच्या सहाही धारा त्यांच्या. वैरण कापण्यापासून भांडी घासण्यापर्यंत, तुम्ही मध्ये न पडता. कोण किती वेळ गोठ्यात होतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा, दोघांनीही. भांडायला म्हणून लिहू नका, महिनाअखेरीला दोघांनी शेजारी बसून वाचायला लिहा. दुसऱ्या गायीचं बोलणं त्यानंतर करू, एवढंच त्यांना आज सांगा.

शेळ्या दोन ठेवा म्हटलं त्याचं कारण असं. करडं अंगाखाली पीत असतील तर शेळीची धार नाही काढली तरी चालतं, चार दिवस शेजारीण पाला टाकून जाऊ शकते. शेळी १५० दिवसांत विते. घरातला बोकड खच्ची असला की तिला बोकड कधी दाखवायचा हे तुमच्या हातात राहतं. परीक्षा, दिवाळी, मे महिना टाळून पाच महिने मागे मोजा आणि तशी दाखवा. शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, कोंबड्यांना मानमोडीची लस वेळच्या वेळी. कोंबड्या धाकट्याकडे सोपवा. पाणी भरणं, अंडी काढणं, अंधार पडायच्या आत खुराड्याचं दार लावणं, एवढं आठ वर्षांच्या मुलाला जमतं. सकाळी शाळेआधी मुलांवर कुठलंच काम टाकू नका, संध्याकाळचं एकच ठरलेलं काम द्या. परीक्षेच्या आठवड्यात तेही मोठ्यांनी करावं.

बाग तुमची हुकली कारण तुम्ही ती बारा महिने चालवायला गेलात. सासवडला मार्च ते मे भाजीचे वाफे बंद ठेवा. उसाचं पाचट आणि लेंडीखत पसरून जमीन झाकून टाका, जूनमध्ये ती मऊ मिळेल. उन्हाळ्यात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कढीपत्ता आणि शेवगा जगेल, घराला तेवढं पुरतं. आत्ता तण काढून चारच वाफे ठेवा, दोन वाफ्यांमध्येही पाचट टाका म्हणजे तण दबेल. मेथी आणि कोथिंबीर पंधरा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा, एकदम सगळी नको. बाकीच्या जागेत तुमच्या तालुक्याची झाडं लावा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि सीताफळ तर तिथलं हक्काचं. सीताफळाला पाणी कमी लागतं, उन्हाळ्यात ते पानं गाळून स्वस्थ उभं राहतं, आणि शेळ्या सहसा त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. म्हणून शेळ्यांच्या बाजूच्या कुंपणाला सीताफळच लावा, आणि या पावसातच लावा. झाडं तुम्हाला साताऱ्याला जाऊ देतात. गाय गेली की खताचं काय, असं नवरा विचारेल. दोन शेळ्यांच्या लेंड्या आणि कोंबड्यांची विष्ठा कुजवून चार वाफ्यांना पुरेल. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं द्रवखत, करायचंच असेल तर दोनशे लिटरला दहा किलो शेण लागतं, गाय सांभाळणाऱ्यांकडून एक पाटी भरून आणा.

आता दिवाळी. वसुबारसेला सासूबाईंना घेऊन गाय ज्यांच्याकडे असेल त्यांच्या घरी जा, पूजा करा, घरी येऊन बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खा, आणि धनत्रयोदशीला सकाळी निघा. नारायणपूर, कापूरहोळ करून हायवेला लागलात की पुढे साताऱ्याचा सरळ रस्ता. त्याआधी सप्टेंबरअखेर एक रात्र पाचहीजण पुण्यात नातेवाइकांकडे राहून या, म्हणजे शेजाऱ्यांना काय काय विचारावं लागतं ते कळेल आणि ते आधीच लिहून ठेवता येईल. कुणाला किती पाला, खुराड्याची कडी कशी बसते, कुत्र्याला काय घालायचं, पशुवैद्यकांचा नंबर, आणि त्याखाली पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक, हे सगळं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून गोठ्याच्या दाराला टांगा. शेजारणीला नुसतं ‘बघा हं जरा’ म्हणून जाऊ नका. चार दिवसांचे पैसे ठरवून द्या, अंडी तिचीच म्हणून सांगा. आणि आईला आजच फोन करा, पाचजण येतोय म्हणून.